दोराला एक हिसका

बाबांचं तळ्याकाठचं सॉनाघर मी विकलं, तेव्हापासून तीन वर्षं धाकटा भाऊ ओइवा माझ्याशी बोलला नव्हता. आज डायव्हिंग क्लबच्या पाळीत नेमका त्याचाच दोर माझ्या वाट्याला आला. बर्फाला पाडलेल्या भोकातून तो तळ्यात उतरणार आणि मी वर दोर धरून उभी राहणार.

"दुसरं कुणी नाही का?" माझ्याकडे न बघता त्याने क्लब चालवणाऱ्या म्हाताऱ्या केर्त्तुला विचारलं.

"नाही, आणि नखरे पुरे." मग ती माझ्याकडे वळली. "दर पाच मिनिटांनी एक हिसका. म्हणजे, 'बरा आहेस ना?' खालून एक हिसका आला की बरा आहे. नाही आला, तर सरळ ओढून काढ त्याला!"

तो खाली गेला. मी दर मिनिटाला विचारलं. दर वेळी त्याला उत्तर देणं भागच होतं.

वीस मिनिटांनी तो फणफणत वर आला. मिशीत बर्फ साचला होता. "वेड लागलंय का तुला? एक मासा धड बघू दिला नाहीस!"

"आणि तीन वर्षांत मी केलेले फोन? एकाला तरी उत्तर दिलंस?"

तो बेरीचा गरम रस घशाखाली ओतून, तोंड फिरवून पुन्हा पाण्यात शिरला.

मी चिडून ठरवलं, आता पाच मिनिटं होईपर्यंत विचारायचंच नाही. तेवढ्यात हातातला दोर हलला. खालून, आपणहून, एकच हिसका. या वेळी विचारणारा तो होता.

मीही त्याचीच बहीण. जरा ताटकळत ठेवलं, मग उत्तर दिलं.