माळवद

"बाहेर पळ माय, माळवद येतंय!" चहाचा कप थरथरला तशी आई ओरडली आणि दाराकडे धावली. जपानातल्या हॉटेलाला कसलं आलंय मातीचं माळवद! पण भूकंप म्हटलं की आईच्या डोक्यावर अजून किल्लारीचंच छप्पर असतं.

वाढणारी बाई हातवारे करून सगळ्यांना टेबलाखाली घालत होती. मी पदर धरून आईला आत ओढलं. "इथं नको, गाडले जाऊ," म्हणत तिनं माझ्या दंडात नखं रुतवली. मी सोडलं नाही. तेवढ्यात दारावरची भलीमोठी काच खळ्ळकन खाली आली. मी सोडलं असतं, तर आई त्याच दारात असती.

जमीन थांबली. आई मात्र अजून दाराकडेच ओढ घेत होती.

"झालं गं, आई. किल्लारीत मला कडेवर घेऊन बाहेर पळालीस, म्हणून मी वाचले. थोरली अक्का बिचारी झोपेतच गेली. पण इथं असंच लपायचं असतं."

आईनं टेबलाचा पाय घट्ट धरला.

"अक्का झोपेत नव्हती, माय. मीच म्हटलं तिला, पलंगाखाली बस, आलेच मी."