जगदेवभाऊंचं पुणं

“थाळी अनलिमिटेड हाये म्हनलं की वाढनारा पयल्या फेरीतच भाताचा ढीग घालते,” जगदेवभाऊ सांगत होते. “तवा हात आडवा धरा. भात शेवटी.”

धनसिंगने ते जुन्या वहीत लिहून घेतलं. तो आणि हिरीबाई पहिल्यांदाच पुण्याला निघाले होते. त्यांचा मुलगा बादल तिथे पोकलेन चालवतो आणि चौघांत मिळून एका खोलीत राहतो. खोलीत चूल नाही, तेव्हा चार दिवस जेवण बाहेरच होतं.

मेडशी गावातून पुण्याला जाणारा माणूस तिकीट नंतर काढतो, आधी जगदेवभाऊंच्या ओट्यावर येतो. भाऊंनी पुणं हौसेने पालथं घातलेलं नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्न खायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. पुण्यात दिलेल्या वैष्णवीच्या लग्नाला सात वर्षं झाली, अजून पाळणा हलला नव्हता. भाऊ दर दोन-तीन महिन्यांनी तिला भेटायला जात, तिच्या घरी तासन् तास बसत, आणि जेवायची वेळ झाली की चपला घालून बाहेर पडत.

“पोरगी ताट वाढून बसते अन् हा मानूस हॉटेल धुंडते,” प्रयागबाई घरातून ओरडली. नवऱ्याला टोमणा मारायची संधी ती सोडत नसे. “दगड हाये दगड.”

“आज जेवलो त आशा सोडली असं होईन,” भाऊ म्हणाले. “मी नाही सोडली.”

 प्रयागबाई आत भांडी आपटू लागली.

“मिसळ सकाळी दहाच्या आत,” भाऊ पुन्हा मुद्द्यावर आले. “वेटर इचारन, पानी बाटलीचं का साधं? साधं म्हना, लाजू नका. रिक्षात बसाच्या आधी मीटर पाहा. अन् एक जेवन वाघोलीच्या खानावळीतच. नाक्याच्या मागं, निळं शटर. वांग्याची भाजी अन् ज्वारीची भाकर. भाकरीच्या काठाले अंगठ्याचा ठसा असते. असला त समजा, ताजी हाये.”

“नसला त?”

“मंग मले येऊन सांगा. अन् हिरीबाई, आत डोकावू नका. शयरातल्या लोकायले ते चालत नाही.”

शनिवारवाडा पाहून हिरीबाई म्हणाली, “भिंतीच त हायेत नुसत्या.” मिसळीने धनसिंगच्या डोळ्यांत पाणी आणलं. तिसऱ्या दिवशी बादल त्यांना वाघोलीला घेऊन गेला. निळं शटर सापडलं. भाकर आली, काठाला अंगठ्याचा ठसा होता. वांग्यात जवसाचं कूट होतं. पहिल्याच घासाला हिरीबाईला आपलं गाव आठवलं, आणि मग तिला राहवेना. डोकावू नका म्हटलं की माणसाची मान तिकडेच वळते. हात धुवायच्या निमित्ताने ती मागे गेली आणि पडदा सारला.

तव्यापुढे वैष्णवी भाकर थापत होती.

“मावशी!” वैष्णवीने तिला ओढतच मागच्या दारी नेलं. तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता, ताजी कातडी धरलेला. “पाया पडतो, बाबाले सांगू नका. त्यायले वाटते मी कंपनीत कामाले हावो. मी इथं लागली तवा ह्यायनंच बाबाले पयल्यांदा इथं जेवाले आनलं. सहा वर्सं झाले, ते माह्या हातचं जेवून राह्यले अन् त्यायले मालूम नाही. मालूम झालं त इथलंबी सोडतीन. मंग मी माह्या बापाले कसं जेवू घालू?”

हिरीबाईचे डोळे भरून आले. “सेवालाल महाराजाची आन,” ती म्हणाली, “नाही सांगत.”

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी दोघं ओट्यावर गेली. काय बोलायचं ते हिरीबाईने गाडीतच घोकून ठेवलं होतं. धनसिंगलाही तिने काही सांगितलं नव्हतं.

“जेवन लय गोड, भाऊ.”

“ठसा होता?”

“होता.”

“साफ उठला होता?”

“एकदम साफ.”

भाऊंनी मोठा श्वास सोडला. आत प्रयागबाई चहा ठेवत होती. “आत त नाही ना डोकावल्या?” भाऊंनी विचारलं.

“नाही बा,” हिरीबाई म्हणाली आणि पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

भाऊंनी तिचा तो चाळा पाहिला. मग दाराकडे एक नजर टाकून त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

“मागच्या खेपेले भाकरीवर ठसाच नव्हता, हिरीबाई. तवापासून झोप नाही मले. वैष्णवीचा अंगठा आता बरा हाये ना?”