हवा साफ करणारं झाड

“लेकरानं पान तोंडात घातलं तर?” आकांक्षानं विचारलं.

“मग मनीप्लांट नेऊच नका ताई,” नर्सरीवाला हरिचंद म्हणाला. “हे स्पायडर प्लांट न्या, अन् हा अरेका पाम. लेकराला तकलीफ न्हाई. पण धूर कुठून येऊन राहिला ते आधी बघा. झाड म्हंजे काय पंखा हाय का, धूर बाहेर फेकायला?”

धूर कुठून येतो ते आकांक्षाला बराबर ठाऊक होतं. पण घरची गोष्ट नर्सरीत कशी सांगणार? तिची सासू जनकाबाई रोज दुपारी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची आणि लाल झाकणाच्या डबीत भरून कमरेला खोचायची. शेजारीच आकांक्षाची दोन वर्षांची लेक मैत्री झोपलेली असायची. आकांक्षा त्या वेळी वसमतला कामावर. संध्याकाळी हट्ट्याला घरी आली की उंबऱ्यातच तो कडू वास नाकात शिरायचा, आणि आतून लेकीचा खोकला ऐकू यायचा.

एकदा धीर करून बोलली होती ती. “चाळीस वर्सं भाजून राहिले,” सासू फणकारली. “माझी लेकरं मेली का?”

मैत्रीची छाती तपासून, घरातला धूर बंद करायला डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली होती. म्हणून त्या दिवशी सकाळीच आकांक्षानं नवऱ्याला, रत्नपालला, सांगून टाकलं होतं, “महिन्यात फरक न्हाई पडला तर मी मैत्रीला घेऊन माहेरीच राहीन.”

दारात जनकाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “ने की,” म्हणाली. “कोण अडवलं?”

संध्याकाळी रिक्षातून झाडं उतरली तसं तिचं तोंड सुरू झालं. “जंगल आणलंस व्हय घरात? आता वाघ कधी आणतीस?”

आकांक्षा पामसाठी मोठ्या कुंडीत माती भरायला बसली, तर सासूनं खुरपंच हिसकावलं. “सरक. माती भरून राहिलीस का भाकर थापून? लेकरू रडतंय, त्याला बघ जा.”

मैत्रीला थोपटून ती बाहेर आली तेव्हा पाम कुंडीत ताठ उभा होता.

“ह्या मोठ्या कुंडीला हात लावायचा न्हाई,” जनकाबाई म्हणाली. “पाणी मी घालीन.”

पुढचे दिवस मोठे अवघड गेले. सासूचं काय बिनसलं होतं कळेना. भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवायची, डोक्याला फडकं बांधून बसायची. “काहून आत्याबाई, दुखतंय का?” विचारलं की, “ऊन लागलं,” म्हणायची आणि मूठभर बडीशेप तोंडात टाकायची. जेवण झालं की हात कमरेकडं जायचा, आकांक्षाकडं बघून मागं यायचा, मग बाई उठून मागच्या अंगणात जायची. आपल्यासमोर मिश्री नको म्हणून जात असतील, असं आकांक्षाला वाटायचं. झाडांचा राग असणार, हेही वाटायचं.

ती झाडांना जीव लावत राहिली. एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायची, लेकीचं तोंड पुसावं तसं.

दुसऱ्या आठवड्यात उंबऱ्यातला वास गेला. तिसऱ्यात मैत्री रात्रभर न खोकता झोपली. महिन्यानं डॉक्टर म्हणाले, “छाती साफ आहे.”

आकांक्षानं गल्लीभर सांगितलं. चार बाया हरिचंदकडं जाऊन झाडं घेऊन आल्या. जनकाबाई दारातून म्हणाली, “आता पाया पडा त्या झाडाच्या. हार घाला!”

दिवाळीपर्यंत पामची मुळं कुंडीबाहेर डोकावू लागली. जनकाबाई लेकीकडं शिरड शहापूरला गेली होती. परत येईस्तोवर नवी, ऐसपैस कुंडी करून ठेवावी, म्हातारी खूश होईल, असं आकांक्षाच्या मनात आलं. कितीही टोमणे मारले तरी पाणी एक दिवस चुकवलं नव्हतं तिनं.

कुंडी आडवी करून तिनं चार थापा मारल्या. झाड मातीच्या गोळ्यासकट सुटून आलं. पार तळाशी मुळांनी काहीतरी घट्ट आवळून धरलं होतं. मैत्रीला बाजूला बसवून तिनं एकेक मूळ हलक्या हातानं सोडवलं.

लाल झाकण होतं. गंजलेलं.

तिनं जोर लावून ते फिरवलं. कित्येक महिन्यांनी तोच कडू वास आला. डबी काठोकाठ भरलेली होती.