पिराजीच्या साखरेचा चिमटा

धाकट्या लेकीचं, कस्तुराचं लग्न झालं, त्याच साली पिराजीच्या मधुमेहाची पाळत त्याच्या बायकोकडे, गऊबाईकडे आली. डॉक्टरनं दिलेल्या साखर मोजायच्या यंत्राची एक टिकली त्याच्या दंडात, जोडीची तिच्या दंडात. त्याची साखर चढली की शहरातल्या डॉक्टरला तिथं बसून दिसायचं आणि इथं गऊबाईला चिमटा बसायचा. डॉक्टरला पिराजी थापा मारी, पण बायकोच्या दंडापुढं थाप चालेना. त्यानं गोड सोडलं.

लग्नाच्या पंगतीत मात्र व्याही रीतीप्रमाणं जिलबीचा घास भरवायला आले. नको म्हणावं तर लेकीच्या सासरचा अपमान, खावं तर बायकोला कळ. पिराजी तोंड मिटून बसला.

"घ्या की पाव्हणं. बायकोला भिता व्हय?"

"भ्यायलाच पायजे," पिराजी म्हणाला.

गऊबाई पलीकडून बोलली, "खावा वं. लेकीपायी सोसंन मी. पण एकच घास."

त्यानं घास घेतला. थोड्या वेळानं तिनं दंड दाबून धरलेला दिसला, तसा तो भरल्या ताटावरून उठला. चिमटा थांबेपर्यंत दोघं मांडवाभोवती चालत राहिली.

त्यानंतर पिराजीनं जिलबी खाल्ली नाही. चिमटा सोसायला कोणी उरलं नाही, तेव्हाही नाही. गऊबाई त्याच साली माघात तापानं वारली.