डावी मूठ

नेमबाजीची पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं एकाच अर्धस्वयंचलित पिस्तुलाचे तीन प्रकार काचेमागे मांडले होते. एक आखूड नळीचं, एक लांब नळीचं आणि एक लांब नळीच्या टोकाला वजन लावलेलं. चौथं मात्र कपाटात कुलूपबंद असायचं. लांब नळी, आणि डाव्या हातासाठी त्यानं स्वतः कोरलेली लाकडी मूठ. गिऱ्हाईकानं कितीही गळ घातली तरी तो म्हणायचा, "ते विकलंय."

ते त्याच्या लेकीचं होतं. दहा वर्षांपूर्वी भांडून घर सोडताना ती ते मागेच टाकून गेली होती.

यंदा त्यानं हिय्या करून तिला फोन लावला.

"तुझी मूठ नव्यानं कोरायला घेतोय. तेव्हा पोरसवदा होतीस, आता हात भरला असेल. कागदावर पंजा ठेव, भोवतीनं पेन्सिल फिरव आणि पाठवून दे."

"बाबा, मी नेमबाजी कधीच सोडली. तुम्हाला माहितीये ना?"

"माहितीये गं. तरी पाठव."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. आत डाव्या पंजाची आकृती होती. डावखुऱ्या पोरीनं उजव्या हातानं काढलेली, त्यामुळे रेघ जागोजागी वेडीवाकडी. म्हाताऱ्यानं पट्टी, कानस, लाकूड सगळं बाजूला सारलं. दुकानाचं दार लोटून घेतलं आणि त्या कागदावर आपला पंजा ठेवून तो नुसता बसून राहिला.