पाळकांच्या झग्याची बटणं

आमच्या पाळकांच्या पांढऱ्या झग्याला नाना तऱ्हेची बटणं होती: एक लाल, एक शिंपल्याचं, एक तर चक्क ओव्हरकोटाचं. आम्ही भावंडं चर्चमध्ये प्रार्थनेत ती बघून फिदीफिदी हसायचो. शिवणकाम करणारी आई चिमटे काढायची. तेव्हा बाबांचं काम सुटलेलं, घरात खडखडाट. तरी दानाची थैली आली की आईही सगळ्यांसारखी मूठ आवळून आत हात घालायची. थैलीला जाड अस्तरही तिनंच लावलेलं, कुणी काय टाकलं ते ऐकू येऊ नये म्हणून. परवा तिला माती देऊन परतताना मी म्हाताऱ्या पाळकांना त्या बटणांबद्दल विचारलं. "त्या वर्षी दर रविवारी थैलीत एक बटण निघायचं," ते म्हणाले. "देवाला दिलेलं टाकवेना. मीच झग्याला शिवत गेलो." "आईला कळलं होतं?" "एकदा झगा न्याहाळून म्हणाली, 'टाके कच्चे आहेत पाळकसाहेब, द्या इकडे.'"