रुसलेलं बोट

“आत वळव. अजून थोडी. हां, बास,” मोठ्या बाई म्हणाल्या.

ठिणगीनं डाव्या हाताची करंगळी आत दुमडून धरली आणि पंजाभोवती पेन्सिल फिरवली. चार वर्षं हेच चाललं होतं.

“दुखतं हो.”

“पाच मिनिटांचं दुखणं. पाहुणीसमोर सरळ झाली ना, तर माझ्याशी गाठ आहे.”

बालगृहातल्या प्रत्येक मुलीचं पत्र परदेशातल्या, तिचा खर्च उचलणाऱ्या आधारकर्त्याकडे जाई. पत्राखाली हाताचं चित्र असे. उजव्या हातानं पेन्सिल, म्हणून चित्र नेहमी डाव्याचं. पोर वाढतेय, हे तिकडे डोळ्यांनी दिसावं.

आज येणाऱ्या पाहुणीनं चार वर्षांपूर्वी आधार द्यायला मुलगी नावानं मागितली होती. मला साळुंकीच हवी, असं कळवलं होतं. कुठल्या तरी जुन्या पत्रकात फोटो पाहिला असणार. मोठ्या बाई तेव्हा नव्यानंच आल्या होत्या, जुनी माणसं पांगली होती, आणि साळुंकी कधीच निघून गेली होती. कुठं, ते सांगायला कुणी नव्हतं. फायलीत उरलं होतं तिच्या हाताचं एक चित्र, वाकड्या करंगळीचं. बाईंनी ते पहिल्या पत्रासोबत धाडून दिलं. छप्पर गळत होतं, ‘नाही’ लिहायला हात धजला नाही. पुढच्या पत्रांसाठी त्यांनी सगळ्यांत छान लिहिणारी पोर हेरली. ती ठिणगी.

छप्पर झालं. ठिणगी मात्र पत्रापत्रानं पुसली गेली. मांजर तिचं, ताप तिचा, गणितातले पैकीच्या पैकी तिचे. नाव साळुंकीचं.

“मी नाही वाकवणार आज,” ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “मग तुझी धाकटी उद्या दुसऱ्या गावच्या बालगृहात. तिथं जागा आहे, मी विचारून ठेवलंय.”

धाकटी बाहेर जिन्यावर बसून सगळं ऐकत होती. ठिणगी येऊन शेजारी टेकली. धाकटीनं ताईचा हात मांडीवर ओढला आणि लाल झालेलं बोट चोळू लागली. चोळता चोळता गाणं. बालगृहातली प्रत्येक मुलगी हात काढताना ते म्हणायची. कुणी रचलं, कुणाला ठाऊक नव्हतं.

“अंगठा दादा, बोट ते ताई,
मधल्याला कसली घाईच नाही,
चौथं बोट झोपेत हसलं,
धाकटं कुणावर रुसून बसलं?”

“तुला पाठवतील गं,” ठिणगी म्हणाली.

“पाठवू देत. मी तिथं इतका दंगा करीन, की आठवड्यात परत आणून सोडतील.” धाकटीनं नाक पुसलं. “सरळच ठेव, ताई. तुझंच बोट आहे.”

गाडी वाजली.

पाहुणी पस्तिशीची, उंच. थंडी होती, अंगावर लांब कोट, हातांत मोजे. सोबत दुभाष्या. दारात तिनं उजवा मोजा काढून मोठ्या बाईंशी हात मिळवला. मग सगळं घर पाहिलं.

स्वयंपाकघरापाशी मुली दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. तिथली चौकट बुटकी होती. येणारा प्रत्येक पाहुणा तिथं कपाळ आपटून घ्यायचा आणि पोरींची आठवडाभराची करमणूक व्हायची. पाहुणी मान वळवून दुभाष्याशी बोलत होती. बोलता बोलताच वाकली आणि सुखरूप आत गेली.

“हात्तिच्या!” धाकटी म्हणाली.

शेवटी सगळे ऑफिसात बसले. पाहुणीनं पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढून मांडीवर ठेवला.

“मॅडम विचारतात, ते मांजर आता कसं आहे?” दुभाष्या म्हणाला.

“म्हातारं झालंय. चोरी सुटलेली नाही.”

पाहुणी हसली. दुभाष्यानं घसा साफ करून भाषांतर केलं.

“आणि म्हणतात, एक हात त्यांच्यासमोर काढ. तो त्या बरोबर नेतील.”

मोठ्या बाईंनी लगबगीनं कागद पुढं सरकवला. “काढ हं, साळुंकी. नेहमीसारखा.”

ठिणगीनं पंजा कागदावर ठेवला आणि पाचही बोटं फाकवली. करंगळी काठीसारखी ताठ. बाई खोकल्या. ठिणगीनं पेन्सिल फिरवली, अंगठ्यापासून धाकट्या बोटापर्यंत, सावकाश. खाली नाव लिहिलं. आईनं ठेवलेलं, पूर्ण.

“मी साळुंकी नाही,” ती म्हणाली. “तिला मी पाहिलेलंसुद्धा नाही. पत्रं मी लिहिली. मांजर खरं, ताप खरा, बोट तेवढं खोटं. मला काही द्यायचं असेल तर माझ्या नावानं द्या. नाहीतर राहू द्या. आणि धाकटीला कुठं हलवलंत, तर मीही तिच्याबरोबर चालले.”



“हे सांगू नका हो त्यांना,” मोठ्या बाई दुभाष्याला म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. “पाया पडते तुमच्या. पोर आहे, बडबडते काहीतरी.”

दुभाष्यानं तोंड उघडलं. पाहुणीनं उजवा हात वर करून त्याला थांबवलं. गठ्ठ्याच्या तळातून तिनं सगळ्यांत जुनं चित्र काढलं, साळुंकीचं, आणि ठिणगीच्या चित्राशेजारी टेबलावर ठेवलं. मग इतका वेळ न काढलेला डावा मोजा एकेक बोट सोडवत काढला आणि आपला पंजा त्या जुन्या, इवल्या पंजावर टेकवला.

दादा, ताई, मधलं, चौथं, सगळी सरळ होती. धाकटं तेवढं आत वळून रुसून बसलं होतं.